चाळीस फुटांवर

माझा बाप विहिरी खणायचा.
दारव्ह्याच्या भवताली, अडाणच्या दोन्ही काठांनी,
कोणाच्याही वावरात उभा राहून
टाचेनं जमीन ठोकायचा, म्हणायचा,
"अठी हाये."
कधी असायचं, कधी नसायचं.
नसलं तर मजुरी अर्धीच घ्यायचा.

शांतवन खंडारे.
गावात शांत्या,
मंडळीत शांतवनभाऊ,
डाव्या भिंतीशी तिसऱ्या सतरंजीवर बसणारे,
गीत नेहमी अर्धी ओळ मागून म्हणणारे.

ज्या वर्षी तीत गेला,
माझा भाऊ, एकोणीस वर्षांचा,
सुरुंग उडाला नाही म्हणून बघायला उतरला
आणि मग तो उडाला,
त्या वर्षी बापाचे ओठ मिटले.
रविवारी यायचा. सतरंजीवर बसायचा.
सगळे आमेन म्हणायचे,
त्याच्या जागेवरून काही यायचं नाही.
गावात कोणी म्हणालं, तुमच्या आज्यानं देव बदलला, भोगा.
मंडळीत कोणी म्हणालं, देवाची इच्छा.
बापानं दोघांनाही चहा पाजला.

एस्तेरमावशी तेवढी आमेन दोनदा म्हणू लागली.
पाळकसाहेबांनी विचारलं तर म्हणाली,
"दुसरं शांतवनचं हाये. उसनं.
फेडन तो."

दोन महिन्यांनी बाप त्याच विहिरीत उतरला.
मालक म्हणत होता, बुजवून टाकू.
बाप म्हणाला, "अर्धी हीर सोडत नसतेत."
काळी माती, खाली पांढरी, खाली मुरूम,
आणि मग तो दगड,
ज्याच्यावरचा डाग पावसानंही गेला नव्हता.
तिथं, चाळीस फुटांवर,
भेगेतून एक मुळी बाहेर आलेली.
सुतळीएवढी. ओली.

वर, धुऱ्यावर हिवराचं झाड होतं.
त्याला कोणी कधी पाणी घातलं नव्हतं.
एक बाजू विजेनं जाळलेली,
बुंध्याला बकऱ्यांचे दात,
तीन वर्षं पाऊस नावापुरता.
बापानं पहार बाजूला ठेवली
आणि मुळीला बोट लावून बसला,
दोरावरची माणसं वरून हाका मारत राहिली तोवर.

हे मला बापानं नाही सांगितलं.
दोरावरच्या बाबूलालनं सांगितलं.
खालून रडणं येत होतं की गीत,
त्याला उमजलं नाही.
विहिरीत आवाज सारखेच होतात.

मग गारपिटीचं वर्ष आलं.
शनिवारी रात्री चर्चची टिनं उडाली
ती थेट नाल्यापलीकडे.
पुनरुत्थानाच्या रविवारी, अजून तांबडं फुटायचं होतं,
बाप घमेलं घेऊन गेला,
गारा भरभरून बाहेर टाकल्या,
आणि ओल्या सतरंजीवर बसला. तिसऱ्या.
वर उघडं आभाळ होतं.
लोक प्रार्थनेत वर पाहतात,
माझा बाप खाली पाहत होता,
अजून किती खणायचं आहे
ते मनात मोजणाऱ्या माणसासारखा.

एस्तेरमावशी त्याच थंडीत वारली होती.
बापानं आमेन म्हटलं.
थांबला.
पुन्हा एकदा म्हटलं.

मी नागपूरला नर्स आहे.
रात्रपाळीत, वॉर्डातला एखादा पलंग रिकामा झाला की
माझेही ओठ मिटतात.
मला अजून सगळं पटलेलं नाही,
आणि बापाला ते ठाऊक आहे.
तो फोनवर एवढंच विचारतो, "जेवली काय?"

माझ्या लेकीच्या बाप्तिस्म्याला
त्यानं पाणी त्याच विहिरीचं आणलं.
मी नको म्हणाले. रडले. भांडले.
त्यानं बादली ओट्यावर ठेवली,
ओंजळभर आधी स्वतः पिऊन पाहिलं,
मिशा पुसल्या.

"खारं नाही," म्हणाला.