रविवार, रात्री आठ

"ऐकू येऊलालंय काय?"
हे माझं पहिलं वाक्य, दर रविवारी.
वडगावातलं घर, मागं बंद पडलेला माग,
त्यावर डाळिंबी साडी टाकली की झालं स्टेज.
रिंगलाइट तांदळाच्या डब्यावर.

तिकडं संकेश्वरला नीलांबिका
कानात वायर खुपसून बसलेली.
माझं बोलणं तिच्यापर्यंत जायला तीन सेकंद.
तेवढ्यात माझा पदर उलगडून होतो,
काठ दाखवून होतो,
आणि मग तिची मान हलते,
लांबच्या बांधावर कुऱ्हाड पडलेली दिसावी
आणि ठोका मागनं यावा, तशी.

मी म्हणते, साडेआठशे.
ती म्हणते, एंटनूर ऐवत्त.
आजऱ्याची एक बाई विचारते, ब्लाउजपीस हाय?
गोकाकची कुणी नुसतेच हात जोडते.
एक पोरगा लिहितो, मराठीत बोला.
दुसरा लिहितो, कन्नडमध्ये.
नीलांबिका दोघांना मिळून एकच सांगते,
रंग जाणार नाही, धुऊन बघा.

स्क्रीनच्या मधोमध पांढरी रेघ असते.
ती अ‍ॅपनं आखलीय, आम्ही नाही.
एकदा मी काठ सरकवत सरकवत
रेघेपाशी नेऊन सोडला,
तर तिनं पलीकडनं तसल्याच काठाचं टोक धरून
ओढायला सुरुवात केली.
तीन सेकंद उशिरा, पण केली.
त्या रात्री अकरा साड्या गेल्या.

पन्नास किलोमीटर. तासाला बस.
चार वर्षांत भेट नाही.
काम असतं की.

मग तिनं घर बांधलं.
गृहप्रवेशाला बोलावलं, नेमका रविवार.
मी तिला बसलेलीच बघत आले होते,
उभी राहिली तर माझ्या खांद्याला लागली.
दोघी हसलो, काय बोलावं सुचेना.
भाषा होत्या दोन-दोन,
पण समोरासमोर लगेच उत्तर द्यायची सवय नव्हती.

आठ वाजता एकाच सोफ्यावर दोन फोन लावले
आणि असली किंचाळी उठली
की सासूबाई देवघरातनं पळत आल्या,
गल्लीतली कुत्री जागी झाली.
माझा आवाज तिच्या फोनात, तिचा माझ्या,
परत माझा तिच्यात, फिरतच राहिला.
"लांब बसा गं," सासूबाई कन्नडमध्ये ओरडल्या.
तेवढं मलाही कळलं.

ती गच्चीवर गेली.
मी धान्याच्या खोलीत, जोंधळ्याच्या पोत्याला टेकून.
तिचा "नमस्कार रि"
आधी जिन्यावरनं खाली आला,
थोडा धापा टाकत, पैंजणासकट.
मग तीन सेकंदांनी फोनमधनं,
रोजचा, धुतलेला.
लोक वाट बघत होते.
मी दुसऱ्याला उत्तर दिलं.

साडी उलटी धरली होती,
ते आजऱ्याच्या बाईनं सांगितलं.