सात ठिपके

मुहर्रकला ओहोटी लागली की आम्ही मुली
मांडीभर खाऱ्या पाण्यातून चालत जातो,
तळातून गोडं पाणी उसळतं तिथवर.
पखालीचं तोंड नेमकं झऱ्यावर धरायचं.
जरा हात हलला की सगळं खारट.
आई म्हणते, हे आलं की पुष्कळ झालं,
बाकीचं मग.

बाकीचं म्हणजे आमना मुतव्वाचं अंगण.
वर खजुरीच्या झावळ्या, खाली आम्ही अकराजणी,
डोलत डोलत अकरा वेगळ्या ओळी म्हणणाऱ्या.
ती लोकर कातते आणि मान वर न करता
चुकलेलीचं नाव घेते.
गुरुवारी तिला दोन अंडी, नाहीतर मूठभर सुकी मासळी.
"वाचा," म्हणते, "लिहायचं नाही.
लिहिणारी पोरगी पत्रं धाडते."
कुणाला धाडणार?
गावातले सगळे बाप्ये चार महिने शिंपल्यांवर बुड्या मारतात.
तिथं पत्र नेणार कोण, खेकडा?

बाबा परतले तेव्हा त्यांच्या कानांतून पाणी येत होतं.
आता घरात सगळ्यांनी ओरडून बोलायचं.
जेवताना सांगू लागले,
आगबोटीनं मुंबईचा एक गुमास्ता आलाय, धोतरवाला,
चिमुकला तराजू घेऊन.
तळहातावरचा मोती दाखवून विचारलं, याला काय म्हणता?
म्हटलं, गुमाशा.
तर हसायलाच लागला.
त्यांच्याकडं म्हणे असल्याच नावाचा माणूस
दिवसभर बसून लिहितो.

बाबा पुन्हा हसले. आई हसली नाही.
माझा घास हातातच राहिला.
गुमाशा माझंही नाव आहे.

रात्री तव्याची काजळी पाण्यात कालवली.
ईदच्या मेंढ्याच्या खांद्याचं हाड
मी धुऊन पेंढ्यात लपवलेलं,
कशासाठी, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.
खजुरीच्या हिराला टोक काढलं.
वाचताना अक्षरं आधीच येऊन बसलेली असतात,
लिहायला घेतलं तर
काफाचं आधी डोकं की पोट, तेच कळेना.
तीनदा पुसलं. शाई कोपरापर्यंत गेली.
चौथ्या वेळी नाव उमटलं,
उजवीकडून निघून डावीकडं घसरलेलं,
माथ्यावर ठिपके.
मोजले. सात.
दिवा विझवल्यावर बोटानं चाचपून
पुन्हा मोजले, आणि एक पुसला गेला.

सकाळी मुतव्वानं माझा अंगठा पाहिला.
चाती थांबली.
"सुक्या लिंबानं घास," ती हळू म्हणाली, "जातं."
तिला कसं ठाऊक,
मी विचारलं नाही.