नऊ इंचांवर

सरळगावच्या पुढे, काळू नदीच्या अंगाला
बारकू पष्टेंचा पाऊण एकर ऊस.
साखर कारखाना या बाजूला नाही.
हा जातो कल्याणच्या रसवंतीवर,
घुंगरांच्या चरकात, आल्या-लिंबासोबत.

मी ठाण्याहून आले, माती बघायला.
पिशवीत तीन सुताची सळई, वर वेल्ड केलेली आडवी मूठ,
टेप, खुरपं, वही.
पष्टे म्हणाले, "खत कमी पडलं काय ते सांगा."
आधी सगळे खताचंच म्हणतात.

उभ्या पिकात एक पट्टा पिवळा,
कमरेएवढा, कांडी आखूड.
दोन्ही अंगांचा ऊस माझ्या डोक्यावर.

बाहेर सळई टोचली, ती मुठीपर्यंत गेली,
ताज्या भाकरीत बोट जावं तशी.
पट्ट्यात नऊ इंचांवर थांबली.
अंगाचा भार दिला. मनगटात कळ आली.
दगड असता तर खणकन वाजला असता.
हे वाजेना.

दीड हात खड्डा घेतला.
ढेकूळ पत्र्यासारखं आडवं सुटलं.
मुळं तिथवर उतरली होती
आणि काटकोनात वळली होती,
कुलूप बघून पाहुण्याने ओटीवरूनच फिरावं तशी.
वास आंबूस. म्हणजे पाणी इथे मुक्कामाला असतं.

दहा पावलांवर पुन्हा. नऊ.
पुन्हा. नऊ. साडेआठ.
वहीत टिंबं मांडत गेले,
टिंबांची सरळ वाट झाली, दहा फूट रुंद,
या बांधापासून त्या बांधापर्यंत.
पाण्याला इतकं सरळ चालता येत नाही.
"इथून काय जायचं?" मी विचारलं.

पष्टे टोपी काढून डोकं खाजवत राहिले.
"रस्त्याचं काम होतं तवा डंपर.
दोन पावसाळे. भाडं चांगलं दिलं हो.
त्यातला एक आमचा निवृत्तीच चालवायचा."
निवृत्ती आता उरणला, बंदरावर, ट्रेलरवर.
सणाला येतो. कधी कधी.

अकरा वर्षं झाली म्हणाले.
तेव्हापासून कितीदा नांगर फिरला,
वरची माती विसरूनही गेली.

मी लिहून दिलं:
तोडणीनंतर घाई नको. वैशाखापर्यंत सुकू द्या.
मुठीत दाबलेली माती सुटली पाहिजे, गोळा राहिला तर थांबा.
मग सबसॉयलर, दीड फुटावर, एवढ्याच पट्ट्यात.
ओल्यात घातलात तर नुसतं लिंपून निघेल.
पावसात ताग, फुलावर आला की गाडायचा.
पाचट जाळू नका.
ट्रॉली बांधावरच उभी करा, मोळ्या डोक्यावर आणा.

"डोक्यावर?" ते हसले. "हे आमच्या मंडळींना तुम्हीच सांगा."

निघताना त्यांनी सळई मागून घेतली.
एकटेच टोचत गेले, घराकडच्या टोकापर्यंत,
आंब्याखाली.
तिथे सहा इंचांवरच अडली.
दुसऱ्यांदा टोचली नाही त्यांनी. मुठीवर हात ठेवून उभे राहिले.
"हितं उभा करायचा," म्हणाले.
"इंजिन चालूच ठेवायचा. जेवाया यायचा."

मी लिहिलं: सहा.

"हे पण फोडायचं?"
"हो," म्हटलं. "हे आधी."