चार पंजे वाळू

नुकुसमध्ये, चौथ्या मजल्यावर,
आयसुलूची मांजरी अर्धी वाटी खाते
आणि वाटीभोवतीचं लिनोलियम उकरू लागते.
खर्र. खर्र.
एक कणही उडत नाही.

"भरल्या पोटाचे चाळे," आयसुलू म्हणते.
बायमुरात आजोबा हसत नाहीत.
किझिलकुममध्ये मेंढ्यांमागे हिंडताना
त्यांनी पाहिली होती एक वाळूतली मांजरी :
तोंडात वाळवंटी उंदीर, अजून गरम.
अर्धा खाल्ला, उरलेला पुरला,
वर चार पंजे वाळू,
मग वाऱ्यानं ती जागाच पुसून टाकली.
दुसऱ्या रात्री ती नेमकी तिथेच आली.
पाणी? छे.
उंदराच्या रक्तातली तेवढीच ओल.

हिला नळाचं पाणी,
पाकिटातले मासळीच्या वासाचे दाणे, ठरल्या वेळी.
डोळे मिटून खाते म्हणावं,
तर कान मागे वळलेले, दाराकडे.

खर्र. खर्र.
"अगं, खाली वाळू नाहीये," आयसुलू तिला समजावते.

आजोबा नान मोडतात.
अर्धा खातात,
उरलेला रुमालात बांधून
उशीखाली सरकवतात
आणि वरून दोनदा हात फिरवतात,
उंचवटा दिसू नये म्हणून.