दहा नंबरचा पाना

दर गुरुवारी ते विमान पेटवतात.
दाबोळीच्या पठारावर, धावपट्टीच्या मागच्या अंगाला,
जिथे जांभा उघडा पडलाय
आणि गवतही बेतानंच उगवतं.
ट्रेमध्ये डिझेल, वर ओंजळभर पेट्रोल,
काठीच्या टोकाला पेटता बोळा.
मग शिट्टी.

मी टँकरच्या सावलीत उभा,
निवृत्त माणूस, गळ्यात पाहुण्याचा पास.
मला बोलावतात ते एवढंच सांगायला
की बॅटरीची तार कुठे तोडायची,
कॅनॉपीची मूठ कुठल्या बाजूला फिरते,
धूर भरला की बोटांनी काय चाचपायचं.
डोळे मिटून सांगतो.
अकरा वर्षं हात घातलाय या पोटात.

अकरा वर्षं हे जळू नये म्हणून राबलो.
सांध्यावर इंधनाचा थेंब दिसला तर
पुसायचा, हुंगायचा, पुन्हा आवळायचा.
आता त्याच पोटाखाली बादलीनं ओततात
आणि हुंगत कुणी नाही.

वैमानिकाच्या जागी वाळूचा बाहुला.
पोरांनी नाव ठेवलंय पेद्रू.
शिवून शिवून त्याचा एक हात आखूड झालाय.
दुपारी पाव खाताना
पोरं त्याच्याच मांडीवर डबा ठेवतात.

आज सुलक्षा वेळीपची पाळी. केप्याची पोर,
हेल्मेट तिला दोन बोटं मोठं.
समुद्राकडून वारा फिरला, धूर आमच्यावर आला,
आणि फेसाच्या पांढऱ्या भिंतीतून ती पंखावर चढली.
एकोणसत्तराव्या सेकंदाला पेद्रू बाहेर,
एका बुटानिशी.

तेवढ्यात पंखाच्या मुळाशी
इतक्या आगी सोसून वाकलेला पत्रा सुटला
आणि काहीतरी खण्णकन जांभ्यावर पडलं.

हातमोज्यात धरून तिनं आणलं.
"बाब, हें कितें?"

दहा नंबरचा पाना.
काळा ठिक्कर, पण दांड्यावर ठोकलेला सात
माझ्या पेटीचा.

दुसऱ्या वर्षातली ती संध्याकाळ.
अवजारांच्या फळीवर प्रत्येकाची आकृती रंगवलेली,
एक आकृती रिकामी.
दोन दिवस विमान जमिनीवर,
आरसे, टॉर्च, वीस माणसांची बोटं.
शेवटी मी वहीत लिहिलं : विमानात नाही.
खाली सही.
गवतात पडला असेल, म्हणाले सगळे.
चौदा दिवसांची शिक्षा झाली, ती भोगली,
आणि माझ्या मते प्रकरण मिटलं.

ते उडत राहिलं. नऊ वर्षं.
ले. कुरियन शिडी चढताना
माझ्याकडे बघून अंगठा दाखवायचा.
सुकाणूच्या तारेपासून चार बोटांवर
हा आत झोपलेला.
प्रत्येक वळणाला कूस बदलत असेल.

कुरियन आता कोट्टायमला आहे. नातवंडं आहेत.
दर नाताळला फोन करतो.
यंदा मी काय बोलणार?

"तुमचें?" तिनं विचारलं.
"होय."
बादलीत टाकला तर पाणी चुर्र झालं.

शिट्टी वाजली. पेद्रूला उचलून परत खुर्चीत बसवलं,
बूट सापडला नाही.
कुणीतरी डिझेल ओतायला लागलं.
सुलक्षा कपाळावरची काजळी पुसत, जरा घुटमळत,
"आत अजून काही असेल?"

तूच बघ, म्हणालो.
मी एकदा नाही म्हटलं होतं.