बासष्ट जीबी

त्रेचाळीस टक्के उतरलं. बर्फ अजून पाणीच आहे.
दाभोळच्या बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला
मी दोन गोष्टी राखत बसतो,
डब्यांतल्या पाण्याचं घट्ट होणं
आणि मालकाच्या वायफायवरून उतरणारा गेम.
मालकाला त्यातली एकच ठाऊक आहे.

डिस्क नाही घेतली या वेळी.
चिपळूणला मिळत होती, आठशे रुपये जास्त,
वर एसटीचं भाडं, आणि घरी आणली की
खाऱ्या हवेला आयतं खाद्य.
आमच्याकडे दाराची बिजागरी तीन वर्षं निघत नाही,
तबकडीची काय कथा.
श्रावण सरेतो तिच्यावर बुरशीची नक्षी उठते
आणि नेमकी शेवटच्या लढाईत मशीन घरघरतं.

म्हणून हा निर्णय. पक्का. विचार करून घेतलेला.
मुदस्सर म्हणाला असता,
'म्हणजे पैसे मोजून वारा घेतलास.'

मुदस्सर हमदुले पलीकडे धोपाव्याला राहायचा.
आमच्या दोघांत मिळून एक खाडी होती
आणि सतरा तबकड्या.
फेरीबोटीवर तिकिटं फाडणारे धाकूकाका आमचे पोस्टमन.
पेपरात गुंडाळलेली डिस्क, वर रबर,
कधी सोबत त्याच्या आईने दिलेलं सांदण.
डिस्कला डिझेलचा वास यायचा, आणि गुळाचा.
गाड्यांच्या शर्यतीवाल्या डिस्कवर नखाएवढा ओरखडा होता,
तिसऱ्या वळणाला पडदा गोठायचा.
मला वाटायचं माझंच मशीन खराब.
तो दोह्याला गेल्यावर फोनवर म्हणाला,
'अरे, मी पण तिथंच अडकायचो.'
इतकी वर्षं खाडीच्या दोन काठांवर
एकाच वळणाला आम्ही दोघं थांबून होतो,
एकमेकांना न सांगता.

परवा सुलूआत्याच्या वाळवणावर
सुतळीला काहीतरी लखलखताना दिसलं.
खाली बोंबील, वर गिरक्या घेणारं ऊन.
'कावळं येत नाय बघ त्याच्यानं,' ती म्हणाली,
'तुज्याच माळ्यावरच्या डब्यातलं हाय.
टाकूनच देनार व्हतास ना?'
एक गिरकी हाताने थांबवली.
मार्करची अक्षरं, अर्धी उडालेली:
मु. ह. परत कर.

केली नव्हती.

या नव्या गेमवर नाव लिहायला जागा नाही.
तो माझ्या खात्यात आहे, माझ्या पासवर्डामागे,
आणि अटींच्या त्या लांबलचक पानावर
(वाचलं नाही मी, कोण वाचतो)
कुठेतरी लिहिलेलं असणार की तो माझा नव्हेच,
मला फक्त खेळू दिलाय.
असू दे. हा बर्फ तरी कुठे माझा आहे?
पहाटे ट्रॉलरवाले नेतील,
दुपारी बांगड्यांच्या पोटाखाली त्याचं पाणी झालेलं असेल.

आणि खरं सांगायचं तर
मागच्या वादळात कौलं उडाली,
माळ्यावर घोटाभर पाणी साचलं,
तेव्हा खात्यातल्या एकाही गेमला थेंब लागला नाही.
वीज मात्र बावीस दिवस नव्हती.
म्हणजे भिजलेले आणि कोरडे,
सगळेच सारखे मुके.

एकोणनव्वद.
इथे दोन वाजलेत, तिकडे साडेअकरा.
मी मुदस्सरला लिहिलं, 'तू पण उतरव,
दोघं एकाच वेळी खेळू.'
बराच वेळ तो टाइप करत राहिला,
थांबला, पुन्हा करत राहिला.
मग आलं, 'बघतो. नेट बरं आहे इथलं.
माझी ती शर्यतीची डिस्क आहे का रे तुझ्याकडे?'

'आहे,' मी कळवलं.
'कामाला लागली.'