अकरा महिने

झाल्टे एजंट म्हणाला, कुंभ येतोय मॅडम,
पाथर्डी फाट्याला पुढच्या वर्षी हात लावता येणार नाही.
मी लगेच हात लावून पाहिला.
भिंतीचा पोपडा तळहातावर आला.

वन बीएचके, दुसरा मजला, आधीच्या मालकाचं देवघर तसंच,
बाल्कनीतून पांडवलेण्यांचा डोंगर अर्धा,
उरलेला समोरच्या बिल्डिंगच्या टाकीमागे.
अर्ध्या डोंगराचे त्याने पन्नास हजार जास्त लावले होते.
मी पंचवीसवर आणले
आणि द्वारका सर्कलपर्यंत रिक्षात
स्वतःवरच खूश होते.

घर माझं पंचवटीत. म्हणजे पिंगळे बाईंचं.
वरची खोली, नऊ वर्षं.
खिळा ठोकायचा नाही, पाहुणा रात्री राहायचा नाही,
आणि पलंगावरची ओल दाखवली की
बाई मान वर करून म्हणतात, बघते हं.
चार पावसाळे बघतायत.

सातपूरला कंपनीत मी साडेतीनशे माणसांचे पगार काढते.
हिशोब मला येतो.
लाइटबिलाच्या पाठीवर मांडला:
हप्ता अकरा हजार चारशे पन्नास,
मेंटेनन्स आठशे,
भाडं आलंच तर साडेसात.
पावणेपाच हजार दर महिन्याला पदरचे.
पुन्हा केली वजाबाकी, तेवढेच आले.
भाऊ म्हणाला, एफडी काय वाईट होती?
मला उत्तर देता आलं नाही.
एफडीला दार नसतं, असं काहीतरी म्हणाले मी.

मग दोन महिने फ्लॅट रिकामा.
रविवारी जायचे, फरशी पुसायचे,
नळ सोडून बंद करायचे,
भिंतीला टेकून डबा खायचे.
हायवेवरचे ट्रक थेट खोलीतून गेल्यासारखे जात.
रिकाम्या घराला मीटर असतो, हे तेव्हा कळलं,
तो तारखेतारखेने पळतो.

तेजल वळवी आली नवापूरहून, लॅब टेक्निशियन,
एका आठवड्याला दिवसपाळी, एकीला रात्रपाळी.
चेअरमन भोरसाहेब जिन्यातच म्हणाले,
एकटी मुलगी, रात्री-अपरात्री येणार, सोसायटीत फॅमिल्या आहेत.
आवाज अगदी मऊ.
हाच आवाज मी कॉलेज रोडला ऐकला होता,
तेव्हा मी सव्वीसची, हातात दोन पिशव्या.
मला मोठं काहीतरी बोलायचं होतं.
बोलले एवढंच, की हप्ता पाच तारखेला जातो, साहेब,
तुम्ही भरणार का?
ते हसले. तेजल हसली नाही.
माझं कारण तिने नीट ऐकलं होतं.

करार अकरा महिन्यांचा.
मशीनवर अंगठा ठेवायचा,
तिचा तीनदा उमटेना.
सॅनिटायझरने गेलेत, ती म्हणाली, आणि अंगठा ड्रेसला पुसला.
माझा पहिल्याच झटक्यात.
कागदावर माझ्या नावापुढे 'मालक'.
खाली माझा पत्ता:
द्वारा, पिंगळे.

आता पाच तारखेला सकाळी भाडं येतं,
दुपारपर्यंत खात्यात पाहुण्यासारखं टेकतं,
चहासुद्धा न घेता बँकेकडे निघून जातं.
पहिल्या महिन्यात मी त्याचा स्क्रीनशॉट काढला होता.
कुणाला पाठवला नाही.

जुलैत रात्री साडेअकराला तिचा फोटो आला.
बाथरूमच्या वरच्या कोपऱ्यात
भाकरीएवढा काळा डाग.
खाली फक्त: ताई, हे.
मी अंथरुणात होते, माझ्या डागाखाली.
टाइप केलं, बघते हं.
अंगठा पाठवायच्या बाणावर होता.

मग खोडलं.
सकाळी प्लंबर, दुपारी वॉटरप्रूफिंगवाला,
अठराशे रुपये.
तिने अंगठा पाठवला, पिवळा, नीट उमटलेला.

लाइटबिल पुन्हा उलटं केलं.
सहा हजार साडेपाचशे.
जिन्यात पिंगळे बाई भेटल्या,
एक तारखेपासून पाचशे वाढवते म्हणाल्या,
महागाई किती झालीय बघ.

मला त्यांना ओलीबद्दल विचारायचं होतं.
मी विचारलं,
बाई, तुमचा प्लंबर किती घेतो?